पाच हजार चाळीस घरांचं गाव

‘पोलिस’ या ग्रीक शब्दाला ‘नगरराज्य’ हा प्रतिशब्द आपल्या पाठ्यपुस्तकांनी रूढ केला. तो वाचला की डोळ्यांपुढे तट, देवळं, चौक येतात. ग्रीकांच्या कानाला त्यात आधी माणसं ऐकू यायची. आपण ‘अख्खं गाव लोटलं’ म्हणतो तेव्हा घरं चालत आलेली नसतात, तसंच काहीसं. इ.स.पू. ४१३ मध्ये सिसिलीत अथेन्सच्या सैन्याची दाणादाण उडाली. तेव्हा सेनापती निकियासने उरलेल्या सैनिकांना हेच सांगितल्याचं इतिहासकार थ्युसिडिडीस नोंदवतो: माणसं म्हणजेच पोलिस, माणसांवाचूनच्या भिंती आणि रिकामी गलबतं म्हणजे पोलिस नव्हे. म्हणून ‘गाव’ हा साधा शब्द मला ‘नगरराज्या’पेक्षा जवळचा वाटतो. (चौकीतला पोलीसही याच शब्दाच्या वंशातला, लॅटिन आणि फ्रेंचमार्गे आलेला. पण इथे त्याचं काम नाही.)

गाव म्हणजे माणसं, हे एकदा मान्य केलं की लगेच पुढचा प्रश्न येतो: किती माणसं? आजच्या वाचकाला तो जनगणनेचा प्रश्न वाटेल. प्लेटो आणि अ‍ॅरिस्टॉटल यांना तो तत्त्वज्ञानाचा वाटत होता. कोणी कोणाला ओळखायचं, जमीन कोणाला किती, न्याय कोणी द्यायचा, लग्न कोणी कधी करायचं, हे सगळं त्यांच्याकडे त्या आकड्याला लटकलेलं आहे.

बहुतेक जण प्लेटोच्या ‘रिपब्लिक’पाशी थांबतात. तिथे सॉक्रेटिस गावाची सुरुवात गरजेपासून करतो. एकट्याचं भागत नाही म्हणून माणसं एकत्र येतात. शेतकरी, गवंडी, विणकर, चांभार आणि आणखी एखादा, एवढ्या चार-पाच जणांत किमान गाव उभं राहतं. मग सुतार-लोहार, गुराखी, व्यापारी, नाणं अशी भर पडत जाते. जेवायला भाकरी, ऑलिव्ह, चीज, कांदे. प्लेटोचा भाऊ ग्लॉकन वैतागून विचारतो, डुकरांचं गाव वसवलं असतं तर याहून वेगळं काय खायला घातलं असतं? त्या टोमण्यानंतर चैन येते, चैनीसाठी शेजाऱ्याची जमीन लागते, जमिनीसाठी युद्ध आणि युद्धासाठी रक्षकांचा वर्ग. आकाराबद्दल मात्र एवढंच सांगितलंय की गाव ‘एक’ राहील तोवर वाढू द्यावं, मग लढणारे हजारच असले तरी चालेल. मोजपट्टी घेऊन बसलेला प्लेटो पाहायचा तर ‘नोमोई’कडे, म्हणजे ‘कायदे’ या त्याच्या उतारवयातल्या ग्रंथाकडे जावं लागतं. तो त्याचा सर्वांत लांबलचक ग्रंथ आहे, बारा भागांचा. वाचायला कंटाळवाणा म्हणून बदनाम आहे. बदनामी अगदीच खोटी नाही, पण गाव कसं वसवायचं याचे तपशील त्याच्याइतके दुसऱ्या कोणी दिलेले नाहीत.

ग्रंथ सुरू होतो तेव्हा तीन म्हातारे क्रीट बेटावरच्या नॉससहून झ्यूसच्या गुहेकडे पायी निघालेत. दिवस उन्हाळ्याचे, वाटेत झाडांची सावली. एक अथेन्सचा, त्याचं नाव शेवटपर्यंत कळत नाही. दुसरा नॉससचा क्लिनियस, तिसरा स्पार्टाचा मेगिलस. तिसऱ्या भागाच्या शेवटी क्लिनियस सांगतो की नॉससवर एक नवी वसाहत वसवायची जबाबदारी आली आहे आणि त्या कामासाठी नेमलेल्या दहा जणांत तो आहे. गावाचं नाव पुढे ओघात येतं, मॅग्नेशिया.

अथेन्सकराचा पहिला प्रश्न: समुद्र किती लांब? उत्तर: सुमारे ८० स्टेडिया. एक स्टेडियम साधारण १८० मीटर धरला तर हे १४-१५ किलोमीटर होतात. अथेन्सपासून पिरेयस बंदरापर्यंतच्या लांब भिंती ४० स्टेडियाच्या होत्या. म्हणजे क्लिनियसची जागा समुद्रापासून नेमकी दुप्पट लांब, तरी अथेन्सकराला ती पुरेशी लांब वाटत नाही. समुद्र शेजारी म्हणून रोजच्या सहवासाला गोड, पण खरं तर खारट आणि कडू, असं तो म्हणतो. बंदर आलं की उदीम आला, किरकोळ नफेखोरी आली आणि माणसांचा एकमेकांवरचा विश्वास गेला. पुढचा प्रश्न लाकडाचा. गलबतं बांधण्याजोगं लाकूड तिथे फारसं नाही हे कळल्यावर तो चक्क खूश होतो. सॅलॅमिसच्या आरमारी विजयाने ग्रीस इराण्यांपासून वाचला हे अथेन्समधलं लाडकं मत होतं. प्लेटो ते श्रेय मॅरॅथॉन आणि प्लॅटिया या जमिनीवरच्या लढायांना देतो. आरमार वल्हेकऱ्यांवर चालतं आणि वल्हेकरी हाच अथेन्सच्या लोकशाहीचा कणा होता. त्यामुळे हा वाद नुसता लष्करी नाही.

आता आकडा. घरं ५०४०. कमी नाही, जास्त नाही. का? कारण ही संख्या १ ते १० पर्यंत प्रत्येक अंकाने भागली जाते, १२ नेही जाते. प्लेटो सांगतो की तिला एकूण ५९ विभाजक आहेत (स्वतः ती संख्या धरली तर ६०). जमीन वाटायची असो, सैन्याच्या तुकड्या पाडायच्या असोत, कर गोळा करायचा असो, दर वेळी पूर्ण भाग जातो आणि बाकी उरत नाही. बारा जमाती केल्या की प्रत्येकीत ४२० घरं. एकच अडचण, ११ ने भाग जात नाही. त्यावर तो म्हणतो, उपाय सोपा आहे, दोन घरं बाजूला ठेवा. करून पाहा: ५०३८ भागिले ११ म्हणजे ४५८. हे वाचताना हसू येतं, पण त्याच्या दृष्टीने भाग न जाणं म्हणजे भांडणाचं मूळ. उरलेली बाकी कोणाच्या वाट्याला टाकायची?

वाटणीची पद्धत अशी. देशाच्या शक्य तितकं मध्यावर गावठाण. त्यात आधी हेस्टिया (चुलीची देवी), झ्यूस आणि अथीना यांचं स्थान, त्याला गोल कुंपण, म्हणजे अ‍ॅक्रोपोलिस. तिथून गावठाण आणि सगळी शिवारं मिळून बारा भाग पाडायचे. भाग सारखे, पण क्षेत्रफळाने नव्हे, उत्पन्नाने. काळीभोर जमीन असेल तर वाटा लहान, मुरमाड असेल तर मोठा. मग ५०४० वाटे, आणि प्रत्येक वाट्याचे पुन्हा दोन तुकडे. इथे खरी गंमत आहे. जो तुकडा गावाला सर्वांत जवळ, त्याची जोडी सर्वांत लांबच्या तुकड्याशी. दुसऱ्या क्रमांकाच्या जवळच्याची जोडी शेवटून दुसऱ्याशी. याप्रमाणे सगळ्यांच्या वाट्याला सरासरी अंतर सारखं येतं. घरंही प्रत्येकाला दोन, एक गावात मध्याजवळ आणि एक सीमेजवळ. भावकीच्या वाटणीत जिरायत-बागायत दोन्हीचे तुकडे प्रत्येकाला मिळावेत म्हणून जो खटाटोप होतो, तो पाहिलेल्याला हा हिशेब लगेच कळेल.

हा वाटा विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, वाढवता येत नाही. वतनच म्हणा, फक्त त्यात कोणाची सेवा जोडलेली नाही. वारस एकच. बाप एक मुलगा निवडतो, मुलींची लग्नं होतात, बाकीचे मुलगे ज्यांना मुलगा नाही त्यांच्याकडे दत्तक जातात. माणसं फार वाढली तर जन्म आवरायचे, तेही जमलं नाही तर नवी वसाहत काढून जादा लोक पाठवायचे. साथीने किंवा युद्धाने माणसं घटली तर नाइलाजाने बाहेरच्यांना घ्यायचं. हुंडा बंद. पस्तिशीनंतरही अविवाहित राहणाऱ्याला दरसाल दंड: वरच्या वर्गाला १०० द्राख्मा, मग ७०, ६० आणि ३०.

वर्ग चार आहेत, मालमत्तेवरून. वाटा ही गरिबीची खालची मर्यादा, त्याच्याखाली कोणाला जाऊ द्यायचं नाही. वर वाट्याच्या किमतीच्या चौपटीपर्यंत मिळवायला मुभा. (अ‍ॅरिस्टॉटल हीच मर्यादा पाचपट सांगतो. मूळ वाटा धरून मोजायचं की सोडून, यावर अभ्यासक अजून भांडतात.) त्यापुढचं गावाला आणि देवांना. लपवलं तर खबर देणाऱ्याला त्यातला निम्मा हिस्सा. सोनं-चांदी खासगीत ठेवायची नाही. नाणं गावात चालेल असं, बाहेर कोणी हात लावणार नाही असं. मोहिमा आणि वकिलाती यांच्यासाठी सगळ्या ग्रीसमध्ये चालणारं नाणं फक्त सरकारकडे. व्याज नाही.

पाण्याबद्दल तो जे लिहितो ते आपल्याकडच्या वाचकाने थांबून वाचण्यासारखं आहे. शिवारावर लक्ष ठेवायला अधिकारी आणि त्यांच्या हाताखाली २५ ते ३० वयाचे तरुण. एका भागात महिनाभर राहून ते पुढच्या भागात सरकतात. पहिल्या वर्षी उजवीकडून, दुसऱ्या वर्षी उलट दिशेने, म्हणजे प्रत्येक भाग वेगवेगळ्या ऋतूत पाहून होतो. त्यांचं एक काम असं: डोंगरावरून येणारं पावसाचं पाणी दऱ्याखोऱ्यांत बांध घालून आणि चर खणून अडवायचं, जमिनीला पिऊ द्यायचं, म्हणजे खालच्या शेतांना झरे फुटतील आणि कोरडी जागाही ओली होईल. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे आपल्या भिंतींवर रंगवण्याआधी तेवीसशे वर्षं कोणीतरी ते कायद्यात घातलं होतं. याच तरुणांनी म्हाताऱ्यांसाठी गरम पाण्याची स्नानगृहं बांधायची, तिथे वाळलेलं सरपण भरपूर ठेवायचं. जेवण सगळ्यांचं एकत्र. कारण नसताना एक दिवस पंगत किंवा एक रात्र मुक्काम चुकवला तर नाव चौकात लावायचं, आणि भेटेल त्याने त्याला मारावं, मारणाऱ्याला शिक्षा नाही.

शेजाऱ्याच्या विहिरीचा नियमही आहे. ज्याच्या जमिनीत पाणी नाही त्याने आधी स्वतः खणायचं, कुंभाराची माती लागेपर्यंत. तिथेही पाणी लागलं नाही तर शेजाऱ्याकडून घरातल्या माणसांना पिण्यापुरतं घ्यायचं. शेजाऱ्यालाच तुटवडा असेल तर अधिकारी रोजचा वाटा ठरवून देतील. हे प्लेटोने हवेतून काढलेलं नाही. कायदेकर्त्या सोलोनचा अथेन्समधला जुना कायदा चरित्रकार प्लुटार्कने नोंदवलाय: चार स्टेडियाच्या आत सार्वजनिक विहीर असेल तर ती वापरा. त्याहून लांब असाल तर स्वतःची खणा. दहा पुरुष खोल जाऊनही पाणी लागलं नाही तर शेजाऱ्याकडून सहा खूसची घागर दिवसातून दोनदा भरून घ्या. एक खूस सव्वातीन लिटरचा, म्हणजे घागर वीसेक लिटरची. मदत गरजेला, आळसाला नाही, असं प्लुटार्क त्याचं कारण देतो.

निवडणुकांचे तपशील तर एखाद्या निवडणूक अधिकाऱ्याने लिहावेत तसे आहेत. ३७ कायदेरक्षक निवडायचे, वय ५० ते ७०. मतदार पाटीवर उमेदवाराचं नाव, बापाचं नाव, जमात, वस्ती लिहितो आणि खाली स्वतःचंही नाव तसंच लिहितो. मत गुप्त नाही. पाट्या वेदीवर ठेवायच्या. एखाद्याला एखादं नाव पटलं नाही तर ती पाटी उचलून चौकात किमान ३० दिवस मांडायची. त्यातून ३०० जण, मग १००, आणि शेवटी बळीच्या मांसखंडांमधून चालत जाऊन मतं देऊन ३७.

सभा ३६० जणांची, चार वर्गांतून प्रत्येकी ९०. पाच दिवसांचं काम. पहिल्या दिवशी वरच्या वर्गातून नावं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्यातून, मत देणं सगळ्यांना सक्तीचं, नाही तर दंड. तिसऱ्या दिवशी तिसऱ्या वर्गासाठी, चौथ्या वर्गाला सूट. चौथ्या दिवशी चौथ्या वर्गासाठी, खालच्या दोन वर्गांना सूट, पण दुसऱ्या वर्गाने टाळलं तर तिप्पट आणि पहिल्याने टाळलं तर चौपट दंड. पाचव्या दिवशी सगळ्यांनी मतं देऊन प्रत्येक वर्गातून १८० निवडायचे आणि चिठ्ठ्या टाकून निम्मे ठेवायचे. ३६० भागिले १२ म्हणजे दर महिन्याला ३० जण कामावर. पुन्हा भाग पूर्ण जातो.

अ‍ॅरिस्टॉटल वीस वर्षं प्लेटोच्या अकादमीत होता. ‘पॉलिटिक्स’च्या दुसऱ्या भागात तो हा सगळा आराखडा लेखापरीक्षकाच्या नजरेने तपासतो. या निवडणुकीचं मर्म तो बरोबर पकडतो: श्रीमंतांना दंडाच्या धाकाने मतदानाला आणायचं आणि गरिबांना घरी राहायची मोकळीक द्यायची, तर कल मूठभरांच्या सत्तेकडेच जाणार. जमिनीवर त्याचा आक्षेप आणखी रोखठोक आहे. पाच हजार माणसं काम न करता पोसायची आणि त्यांच्याभोवती कितीतरी पट बायका आणि चाकर, म्हणजे बॅबिलोनएवढा मुलूख लागेल. कल्पना करायला हरकत नाही, पण अशक्य नको, असं तो म्हणतो.

बॅबिलोन ही थोडी अतिशयोक्ती झाली. मध्यम ग्रीक शेतकऱ्याची जमीन इतिहासकार साधारण पाच हेक्टर धरतात, म्हणजे सुमारे बारा एकर. ५०४० वाट्यांना गुणलं तर २५,२०० हेक्टर, म्हणजे अडीचशे चौरस किलोमीटर. क्रीटचं क्षेत्रफळ ८,३०० चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, तेव्हा जागा सापडली असती. पण पाच हेक्टर स्वतः राबणाऱ्या कुटुंबाला पुरतात. मॅग्नेशियाचा नागरिक स्वतः नांगर धरत नाही आणि त्याला कारागिरी करायलाही मनाई आहे. शेती गुलाम करतात, कारागिरी आणि दुकानदारी परके, ज्यांना वीस वर्षं राहायची मुदत. पिकाचे तीन भाग: नागरिकांचा, त्यांच्या गुलामांचा, कारागीर-परक्यांचा. विकायची सक्ती फक्त तिसऱ्या भागावर. म्हणजे एका वाट्यावर किमान दोन कुटुंबं. ५०४० या आकड्याला विभाजक किती हे सांगणारा प्लेटो गुलाम किती हे कुठे सांगत नाही. ते एका देशाचे आणि एका भाषेचे नसावेत, म्हणजे बंड करणार नाहीत, एवढी सूचना मात्र आवर्जून देतो. तीच सूचना अ‍ॅरिस्टॉटलही देतो. हिशेब तपासणाऱ्याने हा रकाना तपासलाच नाही.

जन्माचा रकाना त्याने तपासला. जमीन ठरलेली आणि मुलं मोकळी सोडली, तर उरलेल्या मुलांचं काय? ते कंगाल होणार, आणि कंगाली बंड आणि गुन्हे जन्माला घालते. प्लेटो दत्तकावर आणि निपुत्रिकांवर भिस्त ठेवतो, अ‍ॅरिस्टॉटलला ते भोळेपणाचं वाटतं. दोघांच्याही डोळ्यांपुढे स्पार्टा होती. तिची जमीन १,५०० घोडेस्वार आणि ३०,००० पायदळ पोसू शकली असती असं अ‍ॅरिस्टॉटल लिहितो, पण लढणारे हजारही उरले नव्हते. हुंडे आणि वारसदार मुली यांच्यामार्गे जवळपास दोन पंचमांश जमीन बायकांच्या नावावर गेली होती, काही घरं गडगंज झाली आणि बाकीच्यांना सामाईक पंगतीची वर्गणी देता येईना. वर्गणी बंद म्हणजे नागरिकत्व बंद. इ.स.पू. ३७१ मध्ये ल्यूक्ट्राच्या लढाईचा एक घाव बसला आणि गाव सावरलं नाही, माणसं कमी होती म्हणून. मॅग्नेशियात हुंड्याला बंदी का, याचं उत्तर इथे आहे.

तटाबद्दलही तेच. प्लेटो म्हणतो, स्पार्टाप्रमाणे भिंती जमिनीतच निजू द्या, म्हणजे बांधूच नका. तट असला की माणसं त्याच्या आडोशाला मऊ पडतात. हवाच असेल तर घरंच अशी सलग बांधा की सगळं गाव एक भिंत होईल. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो ही जुनाट समजूत आहे, आणि तिची फुशारकी मारणाऱ्यांचं काय झालं ते आपण पाहिलंय. वेढ्याची यंत्रं आता फार सुधारली आहेत.

त्याचं स्वतःचं माप आकड्यात येत नाही. दहा माणसांचं गाव होत नाही आणि लाखाचं झालं तर ते गाव राहत नाही. वीतभर लांबीचं गलबत गलबत नव्हे, दोन स्टेडियांचंही नव्हे. त्याची कसोटी कानाची आणि डोळ्याची आहे: एवढ्या गर्दीचा सेनापती कोण होणार आणि दवंडी कोण देणार, होमरच्या काव्यातल्या खणखणीत आवाजाच्या स्टेंटॉरचा गळा असल्याशिवाय? एका नजरेत मावेल एवढंच गाव असावं, कारण न्याय द्यायचा आणि पदं वाटायची तर माणसं एकमेकांना ओळखत असली पाहिजेत. बॅबिलोन पडलं तेव्हा त्याच्या एका भागाला तिसऱ्या दिवसापर्यंत पत्ता नव्हता, ही ऐकीव गोष्ट तो याच कारणासाठी सांगतो.

आणि दोन घरं? एका माणसाला दोन घरं सांभाळणं अवघड, म्हणून ‘पॉलिटिक्स’च्या दुसऱ्या भागात त्याने प्लेटोला टोकलं. सातव्या भागात स्वतःचं आदर्श गाव मांडताना तो प्रत्येक नागरिकाला जमिनीचे दोन तुकडे देतो, एक गावाजवळ, एक सीमेजवळ. कारण चोख आहे: सीमेवरची जमीन नसलेल्याला शेजाऱ्याशी भांडण झालं तरी फिकीर नसते, आणि असलेल्याला इतकी असते की तो कशालाही तयार होतो. टीका कुठे गेली, तो बोलत नाही.

तिकडे मॅग्नेशियाच्या बाराव्या भागात सगळे आकडे संपतात आणि एक परिषद उरते, जिला ‘रात्रीची’ म्हणतात. खरं तर ती रोज पहाटे फटफटल्यापासून सूर्य उगवेपर्यंत बसते, कारण त्या वेळी बाकीची कामं नसतात. वडीलधाऱ्यांनी प्रत्येकी तीस ते चाळीस वयाचा एक जण सोबत आणायचा आणि कायदे बरोबर आहेत का हे तपासत राहायचं. तिने काय शिकायचं आणि किती काळ, हे लिहून ठेवता येणार नाही, असं अथेन्सकर सांगतो. इथे सगळं पणाला लावून फासे टाकावे लागतील, तिन्ही फाशांवर सहा पडतील नाही तर तिन्हींवर एक. यावर मेगिलस क्लिनियसला म्हणतो, एक तर गावाचा नाद सोड, नाही तर या पाहुण्याला विनवण्या करून, युक्त्या करून अडकवून ठेव. क्लिनियस म्हणतो, खरं आहे, तूही मला मदत कर. ‘करीन,’ मेगिलस म्हणतो आणि ग्रंथ तिथेच संपतो. झ्यूसची गुहा अजून आलेली नसते.